डबल बेल : भूक कुठे लागू द्यायची?

एरवी या सदराकडे बसच्या वेळा विचारणारी पत्रं येतात. सुट्ट्या जवळ आल्या की सूर बदलतो आणि खाण्याच्या खर्चाबद्दल विचारणा सुरू होते. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी कदंबचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेचा, कंडक्टर होतो, आता निवृत्त होऊन फोंड्यात असतो. नोकरीभर घराबाहेर जेवलो, तेही भत्त्याच्या पैशांत. त्यातून काही उरवून घरी आणायचं हा आमच्या घरातला नियम होता आणि तो मी केलेला नव्हता. या विषयावर बोलायची माझी पात्रता एवढीच. पत्रं थोडी छाटली आहेत. नावं गाळून फक्त गावं ठेवली आहेत.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, दोन मुलं आणि सासूबाई. मागच्या वेळी कळंगुटला खोली स्वस्तात मिळाली, पण खाण्याचं बिल खोलीच्या भाड्याच्या वर गेलं. भूक लागली की समोर दिसेल त्या शॅकमध्ये बसायचो. या नाताळात पुन्हा यायचं आहे. मुलांचे हाल न करता खर्च कसा आवरायचा?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, ‘समोर दिसेल त्या शॅकमध्ये’ यातच तुमचं सगळं बिल आलं.

प्रवासात माणूस किती खातो यापेक्षा त्याला भूक कुठे गाठते यावर खर्च ठरतो. अडीच वाजता पोरं पाण्यातून बाहेर येतात, ओली, कुडकुडणारी, भुकेने कावलेली. त्या क्षणी कुठली आई भाव विचारत बसेल? शॅकवाल्यालाही मी दोष देत नाही. त्याचा धंदा मोसमापुरता, ३१ मेपर्यंत सगळा सांगाडा उतरवून न्यायचा. वर्षाचं त्याला तेवढ्या महिन्यांतच काढायचं असतं. तेव्हा सकाळी खोलीतून निघतानाच ठरवा की आज भूक कुठे लागू द्यायची. ड्युटीवर निघताना मी पहिलं हेच बघायचो, साडेबाराला आपण कुठल्या स्टँडवर असू.

सकाळपासून सुरू करू. गोव्यात सकाळचं खाणं सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं. पर्यटक नेमकं तेच लॉजवरच्या टोस्ट-बटरवर घालवतात. आमचा भाजी-पाव म्हणजे तव्यावर चेचलेली तुमची पावभाजी नव्हे. छोट्या बशीत भाजी येते. पातळ भाजी, बटाट्याची सुकी भाजी, चण्याचं किंवा अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक, म्हणजे वाटप लावलेली उसळ, नाहीतर दोन भाज्या एकत्र करून ‘मिक्स’. सोबत पाव, हवी तर एक मिरची, म्हणजे मिरचीचं भजं. मुलांना बन्स द्या, पिकलं केळं घालून केलेल्या जाड गोडसर पुऱ्या, त्या मुलांना हमखास आवडतात. पणजीत कॅफे भोसले, कॅफे ताटो ही नावं कुणीही सांगेल, पण म्हापशात, मडगावात, फोंड्यात बाजाराच्या आसपास असे कॅफे गल्लोगल्ली आहेत. पाच माणसांचा पोटभर नाश्ता चहासकट तीनशेच्या आसपास बसतो. मात्र नऊच्या आत जा. दहानंतर चांगली भाजी संपलेली असते.

खोलीवरच खायचं असेल तर पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघा. सकाळी आणि संध्याकाळी सायकलवर टोपली घेऊन भोंगा वाजवत येतो. साधा पाव पाच-सहा रुपयांना. पण त्याच्याकडे पोयीही मागा, कोंड्याची, आतून पोकळ. तिच्यात उकडलेलं अंडं किंवा केळं भरलं की दुपारच्या तीनची सोय झाली. ही पोयी, चार केळी, शेंगदाणे आणि घरून भरून आणलेलं पाणी पिशवीत असू द्या, मग शॅकसमोरून ताठ मानेने जाता येतं. कागद आणि साली मात्र परत पिशवीत.

आता दुपारचं जेवण. दिवसाचा मुख्य खर्च इथे करा आणि मनापासून करा. गोव्यात हॉटेलात जेवायचं ते दुपारी. साध्या खाणावळीत मासळीची थाळी साधारण दीडशे ते अडीचशेला मिळते. भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, सुक्या मासळीची किंवा सुंगटांची (कोळंबीची) खोबरं घातलेली किसमूर, एखादी भाजी, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सोलकढी, लोणचं. भात आणि हुमण बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात. त्याच हॉटेलात रात्री थाळी नसते. मग भात वेगळा, कढी वेगळी, मासळी वेगळी आणि बिल दुप्पट. म्हणून साडेबारा ते दीडच्या आत पानावर बसा. उशिरा गेलात तर तिसऱ्या संपलेल्या असतात. नंतर कुठे जाऊन उपयोगही नसतो, आमच्याकडे दुपारी एक ते चार दुकानं झोपतात.

बसण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. तळलेली मासळी थाळीत धरली आहे की वेगळी? धरली असेल तर कुठली? थाळीत बहुधा बांगडा नाहीतर वेर्ल्यो, म्हणजे छोटी मासळी, असतात. वेटर येऊन हळूच विचारतो, ‘इसवण देऊ? पापलेट ताजं आहे.’ इसवण म्हणजे तुमची सुरमई. पाच जणांनी माना डोलावल्या की थाळ्यांइतकंच बिल तळलेल्या मासळीचं होतं. रवा लावून तळलेला ताजा बांगडा इसवणाला हार जात नाही, हे मी फोंडेकर म्हणून छातीठोकपणे सांगतो. आणि मेनूत भावाच्या जागी ‘एपीएस’ लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. म्हणजे मासा जेवढा मोठा तेवढा भाव. आधी मासा दाखवायला सांगा, तळून पानात येईपर्यंत एकूण किती होणार ते आकड्यात विचारा, मगच हो म्हणा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या बायका बाजारात मासेवालीशी तेवढ्यासाठी पाव तास घालवतात.

रात्री हलकं ठेवा. संध्याकाळी सातनंतर गाडे लागतात, तिथे रोस ऑमलेट मिळतं. ऑमलेटवर शागुतीचा, म्हणजे खोबरं-मसाल्यातल्या कोंबडीचा, रस, वर कांदा, लिंबू, सोबत पाव. दुपारी नीट जेवलेल्या माणसाला एवढं पुरतं. सासूबाई अंडं खात नसतील तर त्यांच्यासाठी कुठल्याही शहरात उडप्याचा डोसा आहेच.

खोलीबद्दल एक सांगतो. नाताळ ते नवीन वर्ष किनाऱ्यालगत सगळंच चढतं, चहासुद्धा. म्हापसा कळंगुटपासून आठ-दहा किलोमीटरवर आहे. तिथे उतरलात तर सकाळ-संध्याकाळचं खाणं गावच्या भावाने होतं आणि किनाऱ्यावर दुपारपुरतं जाता येतं. शुक्रवारचा बाजारही पदरात पडतो. केळी, फरसाण, मुलांना काय हवं ते तिथून घ्या.

प्रश्न : आम्ही गल्लीतले सतरा जण टेम्पो ट्रॅव्हलरने येतोय. सोबत आचारी, गॅस सिलिंडर, पातेली, तांदूळ, मसाला सगळं घेणार. फक्त कोंबडी गोव्यात घ्यायची. बीचजवळ सावली आणि पाण्याची सोय असलेली मोकळी जागा सुचवा.
– एक तरुण वाचक, अहिल्यानगर

उत्तर : बाबा रे, सुचवणार नाही. अशी जागा सुचवली तर तुमच्याबरोबर मलाही पावती फाडावी लागेल.

पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला गोव्यात कायद्याने बंदी आहे. कायदा २००१ चा, ‘पर्यटनस्थळे संरक्षण व देखभाल’ नावाचा. २०२२ च्या शेवटाला पर्यटन खात्याने वेगळा आदेश काढून पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड लावला. २०२५ मध्ये कायदाच दुरुस्त करून वरची मर्यादा एक लाखावर नेली. समुद्रकिनारी उघड्यावर दारू पिणं, बाटल्या फोडणं हेही त्याच कायद्यात येतं. सतरा जणांच्या कोंबडीत तुम्ही फार तर दोन-तीन हजार वाचवणार. हिशेब तुम्हीच करा.

कायदा बाजूला ठेवला तरी हे मला पटत नाही. माझ्या रूटवर रस्त्याकडेच्या माडाखाली टेम्पो थांबायचे. संध्याकाळी परत येताना त्या जागी काळे दगड, कांद्याची सालं आणि पत्रावळी, त्यावर कुत्री. ज्याच्या कुळागरापुढे, म्हणजे सुपारीच्या बागेपुढे, हे होतं त्याच्या तोंडून मग पर्यटकांबद्दल जे शब्द निघतात ते मासिकात छापता येत नाहीत.

सतरा जण स्वस्तात जेवू शकत नाहीत असं मात्र मुळीच नाही. उलट सतरा हा तुमचा हुकमाचा पत्ता आहे, तुम्हीच तो टेम्पोच्या टपावर बांधून ठेवलाय. हमरस्त्यापासून थोडं आत गेलं की गावागावात घरगुती खाणावळी आहेत. आदल्या संध्याकाळी फोन करायचा, ‘उद्या एकला सतरा माणसं, चिकन शागुती आणि भात, डोक्यामागे किती?’ एवढी पानं एकदम नक्की झाली की मालकीण भाव खाली आणते, कारण तिचं काही वाया जात नाही. थोडी आगाऊ रक्कम द्या आणि वेळ पाळा. एकचं जेवण चारला मागणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी उभं करत नाही.

आचारी आणणारच असाल तर स्वयंपाकघरासकट घर भाड्याने मिळतं, आत शिजवा. भाजी रस्त्याकडेच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर घ्या, तिथे सरकारी सवलतीचा भाव असतो. किराणा ‘गोवा बागायतदार’ या सहकारी संस्थेच्या दुकानात. अहिल्यानगरहून तांदळाची गोणी ओढत आणण्याइतका इथे तांदूळ महाग नाही.

प्रश्न : पुण्याहून रात्रीच्या खासगी बसने येतो. बस जिथे थांबते त्या ढाब्यावर सगळं महाग आणि बेचव. गोव्यात आल्यावर बिलात कधी जीएसटी, कधी सर्व्हिस चार्ज, पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त. यातलं काय द्यायचं आणि काय नाही?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ढाब्याचं आधी सांगतो, ते माझ्या धंद्याशी जवळचं. बस कुठे थांबायची हे प्रवाशांच्या चवीवर ठरत नाही. चाळीस-पन्नास गिऱ्हाइकं आणून देणाऱ्या ड्रायव्हर-क्लीनरला अशा ढाब्यांवर वेगळ्या टेबलावर जेवण असतं, त्याचे पैसे सहसा कुणी घेत नाही. ते कुणाच्या ताटातून वसूल होतात ते तुम्ही अनुभवलंच आहे. इलाज सोपा आहे. घरून जेवून बसा, थांब्यावर फक्त पाय मोकळे करा. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असेल तर सकाळपर्यंत कुणाचं तोंड बघावं लागत नाही.

आता बिल. साध्या हॉटेलात जीएसटी पाच टक्के. एका रात्रीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असलेल्या बड्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये अठरा टक्के, पण तिथे जाणारा मला पत्र लिहिणार नाही. लहान खाणावळवाल्यांनी ‘कंपोझिशन’ योजना घेतलेली असते. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, आणि आपण त्या योजनेत आहोत हे त्यांनी बिलावर लिहायचं असतं. तेव्हा बिलावर जीएसटीची ओळ असेल तर वर जीएसटी नंबर आहे का बघा. नंबर नसताना कर लावला असेल तर शांतपणे विचारा. बहुतेक वेळा तो तिथल्या तिथे खोडला जातो.

सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तसं सांगितलं होतं. हॉटेलवाले कोर्टात गेले, पण दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. काढून टाका म्हणायचं, काढत नसतील तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फिरवायचा. पण वाढणाऱ्या पोराने नीट वाढलं असेल तर त्याच्या हातात दहा-वीस रुपये ठेवा. ही गोष्ट वेगळी, तिथे काटकसर करू नका.

बाटलीबाबत तुमचा राग समजतो, पण हॉटेलात टेबलावर बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. दुकानात मात्र छापील किमतीवर एक रुपया जास्त द्यायचा नाही, ‘थंड करायचे दोन रुपये’ वगैरे काही नसतं. हॉटेलात बसल्या बसल्या ‘साधं पाणी’ म्हणा. न सांगता बाटलीचं झाकण फिरवणारे वेटर फार चपळ असतात.

प्रश्न : जुलैत येतोय. हॉटेलं निम्म्या दरात आहेत. मासळीही स्वस्त असेल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : उलटं. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. शॅकही नसतात. त्या दिवसांत जी इसवण दिसते ती बर्फातली, भावही बर्फात टिकून राहिलेला. आमच्या घरांतून तेव्हा मे महिन्यात साठवलेलं पुरुमेंत बाहेर निघतं, म्हणजे सुके बांगडे, सुंगटं, सोलं. तुम्हीही खाणावळीत सुक्या मासळीची किसमूर, सुंगटांचं आंबट, खाडीतला शेवटो नावाचा मासा असं मागा. पैसे वाचतील आणि पावसातला गोवा खाल्ल्यासारखा होईल.

प्रश्न : तुम्ही दर महिन्याला आमचे गाडे आणि कॅफे बाहेरच्यांना सांगता. मग तिथे रांगा लागतात आणि आम्हालाच भाव वाढवून मिळतो. थोडं लपवून ठेवा की!
– एक गृहिणी, डिचोली

उत्तर : वहिनी, म्हणूनच तर मी डिचोलीतलं एकही नाव दिलेलं नाही. बुधवारच्या बाजारात ज्या कोपऱ्यात तुम्ही सामोसा खाता तो मला ठाऊक आहे. काळजी नसावी.

प्रश्न : आम्ही दोघं पासष्टीच्या पुढचे, शुद्ध शाकाहारी. गोव्यात शाकाहारी माणसाला महागच खावं लागतं असं सगळे म्हणतात. जेवणही आम्हाला एकेक पूर्ण थाळी जात नाही.
– एक निवृत्त दांपत्य, ठाणे

उत्तर : किनाऱ्यावर राहिलात तर ते सगळे खरं बोलतात. तिथे शाकाहारी म्हणजे पनीर, आणि पनीर म्हणजे साडेतीनशे. तुम्ही आमच्या फोंडा तालुक्यात या. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, नागेशी, रामनाथी, सगळी देवळं एकमेकांपासून हाकेच्या नसली तरी रिक्षाच्या अंतरावर आहेत. मोठ्या देवस्थानांच्या अग्रशाळांत भाविकांना माफक दरात उतरता येतं आणि देवळालगतच्या कँटीनमध्ये सात्त्विक जेवण, नाश्ता मिळतो. अग्रशाळेची खोली मिळेल का हे निघण्याआधी देवस्थानच्या कार्यालयात फोन करून विचारा. दुपारचं जेवण हवं असेल तर सकाळीच सांगून ठेवा, म्हणजे तुमच्या वाट्याचं शिजतं. सोमवारी मंगेशीला पालखी असते, त्या दिवशी गर्दी धरून चला.

सोमवार तुमच्यासाठी आणखी एका कारणाने चांगला. हिंदू घरांत त्या दिवशी मासळी नसते, म्हणून एरवी मासे विकणाऱ्या खाणावळीतही सोमवारी शाकाहारी पानाकडे जास्त लक्ष असतं. मुगागाठी म्हणजे मोडाच्या मुगाची आमटी, अळसांद्यांचं तोणाक, तांबडी भाजी, नशीब असेल तर खतखतं, म्हणजे अनेक भाज्या एकत्र शिजवलेली रसभाजी. हे आमचं खरं जेवण आहे, कुणी पनीरमध्ये बुडवलेलं नाही. तव्याचं सोवळंओवळं पाळत असाल तर मात्र देवळाच्या आवारातच जेवा. बाहेरच्या खाणावळीत बांगडा आणि वांग्याची कापं एकाच तव्यावर उतरतात, आणि विचारलं तर कुणी खोटं सांगणार नाही, पण विचारावं लागतं.

एक थाळी दोघांत वाटून खायला बरीच हॉटेलं नकार देतात, कारण भात पुन्हा वाढायचा असतो. वाद घालू नका. एक थाळी, एक प्लेट उकडा भात आणि एक वाटी जास्तीचं तोणाक मागवा. सांगून घेतलं की कुणी नाही म्हणत नाही.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी मुंबईहून ट्रेनने येणार. पैसे मोजकेच. गाडीतच किती खर्च होतो हे कळत नाही, दर पाच मिनिटांनी काहीतरी विकायला येतं.
– एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : पोरींनो, आधी गाडी निवडा. सकाळच्या मांडवी एक्स्प्रेसने आलात तर नाश्ता, जेवण, दुपारचा चहा, संध्याकाळचं काहीतरी, सगळं गाडीत होतं. तिची पँट्री खाण्यासाठी नावाजलेली आहे, म्हणजे मोह आणखी. रात्रीच्या कोकणकन्येने आलात तर घरी जेवून निघायचं, झोपायचं, आणि सकाळी थिवीला उतरून म्हापशात भाजी-पाव. त्यात एक मुक्कामही वाचतो.

दिवसाच्या गाडीनेच यायचं असेल तर रेल्वेचे दर पाठ करा. शाकाहारी साधं जेवण गाडीत ८० रुपये, स्टेशनवरच्या स्टॉलला ७०. साधा चहा ५, टी-बॅगचा १०. रेल नीरची लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना. पँट्रीवाला ८० ऐवजी १२० मागत असेल आणि ‘यात पनीर आहे’ म्हणत असेल, तर ‘साधी थाळी द्या’ म्हणा, ती ठेवणं त्याला बंधनकारक आहे. बिल मागा. बिल दिलं नाही तर पैसे देऊ नका, हा रेल्वेचाच नियम आहे. तक्रार १३९ वर. काही मोठ्या स्टेशनांवर जनरल डब्यांच्या समोर २० रुपयांत पुरी, बटाट्याची भाजी आणि लोणचं असं पाकीट मिळतं. ते जनरलवाल्यांच्या सोयीसाठी असलं तरी तुमचं आरक्षण बघून कुणी हाकलत नाही.

आणि चौघींचा एकच खजिनदार नेमा. सगळ्या जणी पाकीट काढतात तेव्हा कुणीच हिशेब ठेवत नाही, हे मी बसमध्ये फार जवळून पाहिलंय.

प्रश्न : दर वेळी इकडे येणाऱ्यांचंच बघता. आम्ही मडगावहून दोन गाड्या करून अक्कलकोट, पंढरपूर, गोंदवलं करणार आहोत. घाटावर जेवणाचं कसं जमवायचं? भात नसला तर आमच्या आईला चालत नाही.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : पात्रांव, रास्त तक्रार. घाटावर तुमची सोय आपल्या गोव्यापेक्षा चांगली आहे, कारण तिथे देव जेवायला घालतात. अक्कलकोटला स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळाचं अन्नछत्र १९८८ पासून चालू आहे, दोन्ही वेळ मोफत महाप्रसाद. गोंदवल्याला महाराजांच्या समाधी मंदिरात दुपारी आणि रात्री प्रसाद असतो, पंगतीची वेळ ठरलेली असते, ती चुकवू नका. पानात घ्याल ते संपवा आणि जमेल ते पेटीत टाका. हॉटेलात जे देणार होतात त्याच्या निम्मं टाकलंत तरी दोघांचंही भागतं.

वाटेत शहरांतून शिवभोजन केंद्रं दिसतील. २६ जानेवारी २०२० ला ही योजना सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, भात, वरण. ती गरजूंसाठी आहे, आणि दोन गाड्या करून निघालेल्या माणसाने तिथे रांग लावू नये असं माझं मत.

आईंच्या भाताचं असं की घाटावर मिळतो तो पांढरा, मोकळा, आणि चपातीनंतर शेवटी चमचाभर वाढतात. जेवायला बसतानाच ‘राईस प्लेट’ किंवा ‘भात आधी’ सांगा. उकडे तांदूळ किलोभर सोबत घ्या आणि लॉजवर विजेच्या छोट्या कुकरला परवानगी आहे का विचारा. पेज आणि घरचं लोणचं असेल तर आजारी पडल्यावरही औषधाचा खर्च वाचतो. सोलापूरकडे जेवण तिखट असतं, तुम्हाला वाटतं त्याहून जास्त, तेव्हा मुलांसाठी दही मागवत चला.

परतताना कोल्हापूर-बेळगावमार्गे चोर्ला घाटाने याल असं धरतो. बेळगावात आठच्या आत जेवून घ्या. घाटात रात्री काही उघडं नसतं, आणि साखळीला पोचेपर्यंत पोरं झोपलेली असतात.